सलाईनची बाटली आणि हर-टू: स्तनकर्करोगाचं एक प्रकरण

नागपूरच्या धंतोलीत आमची लॅब आहे. दवाखाने, मेडिकल स्टोअर आणि पार्किंगची भांडणं यांच्या मधोमध. छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीपासून माणसं इथे गाठीचे तुकडे घेऊन येतात, आणि मी ते मायक्रोस्कोपखाली पाहते. पेशंट मला क्वचितच भेटतो. माझी ओळख असते ती त्याच्या ब्लॉकशी, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याशी. हे प्रकरण मात्र लक्षात राहिलं, कारण इथे सगळा उपचार हर-टू या एका प्रथिनावर अवलंबून होता आणि पहिल्या रिपोर्टात तेच दिसलं नव्हतं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय गोष्टी तशाच ठेवल्या आहेत.

बाई ४७ वर्षांच्या, काटोलकडच्या. घरी संत्र्याची बाग. दिवाळीत अंघोळ करताना डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. आंबिया बहाराची तोडणी तोंडावर आलेली, व्यापारी बागेत येऊन गेलेला, मजूर मिळत नव्हते. डिसेंबरअखेर माल निघाला तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही काहीतरी लागत होतं. जानेवारीत तालुक्याच्या गावी एका नर्सिंग होममध्ये गाठीचा तुकडा कापून काढला, सलाईनच्या बाटलीत टाकला आणि बाटली मुलाच्या हाती दिली. ते झालं दुपारी. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गणेशपेठला उतरला आणि त्यानं बाटली एका लॅबमध्ये दिली. तिथे तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला तेव्हा वीसेक तास होऊन गेले होते.

त्या लॅबचा रिपोर्ट असा: इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे दुधाच्या नलिकेत सुरू होऊन बाहेर पसरलेला कर्करोग, ग्रेड ३, सगळ्यात उग्र. ईआर शून्य, पीआर शून्य (ही दोन्ही स्त्री-संप्रेरकं धरणारी प्रथिनं), हर-टू १+, म्हणजे निगेटिव्ह. केआय-६७, म्हणजे पेशी विभागण्याच्या वेगाची खूण, सत्तर टक्के. तिन्ही नाहीत, थोडक्यात ट्रिपल निगेटिव्ह. पुढच्या उपचारासाठी त्या नागपूरला आल्या, गिट्टीखदानला बहिणीकडे राहिल्या. इथल्या कॅन्सरतज्ज्ञांनी ब्लॉक आणि स्लाइड्स आमच्याकडे दुसऱ्या मतासाठी पाठवल्या.

पुढचं समजायला हर-टू या प्रथिनाचं काम माहीत हवं.

१९८२ साली अमेरिकेत एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत भारतातून गेलेले संशोधक लक्ष्मीचरण पाढी उंदरांच्या न्यूरोब्लास्टोमावर काम करत होते. त्या गाठींचा डीएनए ज्या पेशींमध्ये जातो, त्यांत एक नवं प्रथिन दिसू लागतं असं त्यांना आढळलं. वजन १८५ किलोडाल्टन. त्याच्या जनुकाला पुढे ‘न्यू’ हे नाव मिळालं, न्यूरोब्लास्टोमावरून. काही वर्षांत माणसातलं जनुक सतराव्या गुणसूत्रावर सापडलं आणि त्याला हर-टू म्हणू लागले. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १८९ स्तनगाठी तपासल्या. ज्या गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या त्या बायकांमध्ये आजार लवकर उलटत होता आणि आयुष्य कमी मिळत होतं. प्रती जितक्या जास्त, तितकी गत वाईट. उंदराच्या मज्जापेशींच्या गाठीत दिसलेलं प्रथिन पाच वर्षांत स्तनकर्करोगाच्या केंद्रस्थानी आलं.

हर-टू पेशीच्या आवरणात आरपार बसतं. बाहेर एक डोकं, आत एक शेपूट. या घराण्यात चार भावंडं: हर-वन (त्यालाच ईजीएफआर म्हणतात), हर-टू, हर-थ्री, हर-फोर. बाकीच्यांना बाहेरून वाढीचा निरोप आणणारा रेणू येऊन चिकटावा लागतो. तो आला की ते हात उघडतात, दुसऱ्याशी जोडी जमवतात आणि मग आतल्या शेपट्या एकमेकींवर फॉस्फेट चढवतात, आणि निरोप आत पोहोचतो. हर-टूला चिकटणारा असा कुठलाही रेणू सापडलेला नाही. त्याचा हात मुळातच कायम उघडा असतो. हर-थ्रीची गोष्ट उलटी: निरोप घेता येतो, पण फॉस्फेट चढवण्याची स्वतःची ताकद जवळपास नाही. एक ऐकू न येणारा पण दणकट, दुसरा ऐकणारा पण हातानं अधू. या दोघांची जोडी जमली की घराण्यातली सगळ्यात जोरकस जोडी होते.

साध्या पेशीत हर-टूच्या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि आवरणावर साधारण वीस-पन्नास हजार रेणू. एवढ्यात जोड्या मोजक्याच जमतात आणि काम संपलं की सुटतात. जनुकाच्या प्रती वाढल्या की रेणू वीस लाखांपर्यंत जातात. मग निरोपाची वाट पाहायची गरजच उरत नाही. गर्दीमुळेच हात हातात येतात. आत दोन वाटा उघडतात. एक रास आणि मॅप-कायनेजची, जी पेशीला ‘विभाग, पुन्हा विभाग’ सांगत राहते. दुसरी पीआय-थ्री-कायनेज आणि एकेटीची. हर-थ्रीच्या शेपटीवर तिला धरायला सहा जागा आहेत. एकेटी पेशीचं मरण थोपवते. वाढ चालू आणि मरण बंद.

पण एवढ्यानं कर्करोग पसरतो का? इथे बरेच लेख घाई करतात. २००१ मध्ये सेंथिल मुथुस्वामी आणि जोन ब्रुगे यांच्या गटानं स्तनाच्या पेशींचे पोकळ गोळे वाढवले, नलिकेच्या टोकाशी असतात तसे, आणि त्यांत हर-टू चालू करून पाहिलं. पेशी पुन्हा विभागू लागल्या, पोकळी भरून गेली. पण गोळ्याभोवतालचा पडदा त्यांनी फोडला नाही. रोज स्लाइड पाहणाऱ्याला याचं नवल वाटत नाही. नलिकेच्या आतच राहिलेला कर्करोग, ज्याला आम्ही डीसीआयएस म्हणतो, त्याच्या उग्र प्रकारात हर-टू बाहेर पसरलेल्या कर्करोगापेक्षा जास्त वेळा सापडतं. म्हणजे घर भरण्याचं काम हर-टू एकट्यानं करू शकतं. भिंत फोडायला आणखी बिघाड जोडीला लागतात. एकदा भिंत फुटली की मात्र हेच प्रथिन बाहेरच्या पेशींना तगवतं, नव्या रक्तवाहिन्या ओढून आणतं आणि मेंदूपर्यंत पोहोचलेल्या पेशींनाही जगवतं. स्तनकर्करोगाच्या दर शंभर बायकांपैकी १५ ते २० जणींमध्ये हर-टू वाढलेली ही जात असते.

आता त्या स्लाइड्स.

पहिल्याच नजरेत ऊतक थकलेलं वाटलं. केंद्रकं पुसट, पेशींच्या कडा विरघळल्यासारख्या, मधले धागे फुगलेले. गाठीच्या शेजारी काही नलिका कर्करोगानं भरलेल्या होत्या आणि त्यांच्या मध्यभागी मेलेल्या पेशींचा चुरा होता. हे उग्र डीसीआयएसचं चित्र हर-टूच्या जातीत नेहमीचं. मी यावरून ओळखलं असं म्हणायला छान वाटेल, पण ते खोटं ठरेल. ट्रिपल निगेटिव्ह गाठही बहुतेकदा ग्रेड ३ असते, तीही महिन्यात दुप्पट झाल्यासारखी वाटते, आणि तिच्या शेजारीही असा चुरा दिसतो. वागणुकीवरून दोघींत फरक करता येत नाही.

फरक एका कोपऱ्यात होता. तुकड्याच्या कडेला एक निरोगी नलिका आली होती. निरोगी नलिकेतल्या काही पेशी ईआरच्या तपासणीत तपकिरी रंग घेतातच. ती आमची घरचीच साक्षीदार: तिनं रंग घेतला असेल तर गाठीच्या ‘शून्य’वर विश्वास ठेवायचा. इथे ती नलिका पूर्ण कोरी होती. एकही केंद्रक रंगलेलं नाही. म्हणजे गाठीत ईआर नाही असं ही स्लाइड सांगतच नव्हती. या ऊतकात आता काहीच ओळखता येत नाही एवढंच सांगत होती. त्याच ब्लॉकवरच्या हर-टूच्या १+ ला मग काय अर्थ उरतो?

शरीरातून तुकडा निघाल्या क्षणापासून पेशीतली पाचक रसायनं आपलंच घर खायला लागतात. फॉर्मलिन प्रथिनांना जागच्या जागी बांधून हे थांबवतं. म्हणून नियम आहे की तुकडा तासाभरात दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये पडावा, ऊतकाच्या दहापट तरी फॉर्मलिन असावं, आणि तो त्यात किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. सलाईन यातलं काहीच करत नाही. पाण्यात मीठ घालून भाजी ताजी ठेवण्यासारखाच तो प्रकार. जानेवारी होता हे नशीब. मे महिन्यात ४५ अंशांत एसटीच्या टपावर तीच बाटली आली असती तर साधं निदानही कठीण झालं असतं.

मी नर्सिंग होमच्या सर्जनना फोन केला. “मॅडम, फॉर्मलिन संपलं होतं हो त्या दिवशी. आणि रिपोर्ट तर आला ना, कॅन्सर म्हणून?” त्यांच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. मला जास्त राग आला तो पहिल्या लॅबचा. बाटलीत सलाईन आहे हे ग्रॉसिंगच्या टेबलावर, जिथे तुकडा उघडून पाहतात तिथे, दिसलंच असणार. ‘ऊतक नीट राखलेलं नाही, हर-टू सांगता येत नाही, पुन्हा बायोप्सी करा’ एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं. अर्थात माझ्या उमेदवारीच्या काळात असे रिपोर्ट माझ्या सहीनं गेले नसतील अशी शपथ मी घेणार नाही. तेव्हा साक्षीदार नलिका शोधायची सवय नव्हती.

आम्ही ते वाक्य लिहिलं. घरच्यांना ते पटवणं हे कॅन्सरतज्ज्ञांचं काम होतं, पण मुलगा बाईंना घेऊन थेट लॅबच्या काउंटरवर आला. त्याचा आवाज चढलेला. बाई मात्र खुर्चीच्या कडेला टेकून शांतपणे म्हणाल्या, “काऊन जी मॅडम, पयल्या रिपोर्टात तं निगेटिव्ह होतं ना? निगेटिव्ह म्हणजे चांगलंच असते ना?”

हा प्रश्न मी विसरत नाही. आपल्याकडे निगेटिव्ह म्हणजे सुटलो. इथे निगेटिव्हचा अर्थ एवढाच होता की एक औषध चालणार नाही. मी त्यांना सांगितलं, “मावशी, तुमच्या गाठीच्या दाराला कुलूप आहे का हेच पहिल्या तुकड्यात दिसत नाही. कुलूप असलं तर आमच्याजवळ किल्ली आहे. म्हणून पुन्हा एकदा सुई टोचायची.” त्या म्हणाल्या, “टोचा मंग.”

नवी बायोप्सी सुईनं घेतली, चार धागे. बाटली आमची, फॉर्मलिन आमचं, आणि झाकणावर मार्करनं वेळ लिहिलेली: ११.४०. दुसऱ्या दिवशी ब्लॉक झाला, त्यानंतर रंग. यावेळी कडेच्या नलिकेतली केंद्रकं ठिपक्या-ठिपक्यांनी तपकिरी झाली होती. गाठीत ईआर खरोखरच शून्य. आणि हर-टूच्या स्लाइडवर जवळजवळ प्रत्येक गाठपेशीभोवती पूर्ण, जाड, गडद तपकिरी कडं. मोहोळाची घरं कुणी शाईनं गिरवावीत तशी. दहा टक्क्यांहून जास्त पेशींत असं पूर्ण आणि ठळक कडं असलं की ३+ म्हणतात. इथे नव्वदच्या वर होतं.

एका बाजूला १+, दुसऱ्या बाजूला ३+, म्हणून कॅन्सरतज्ज्ञांनी नव्या ब्लॉकवर फिश, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणीही मागितली. खरं तर ३+ नंतर ते लागत नाही, पण त्यांचा आग्रह मला रास्त वाटला. योजनेच्या आणि विम्याच्या कागदांत दोन विरुद्ध रिपोर्ट असले की मंजुरी अडकते. फिशमध्ये सतराव्या गुणसूत्राचा मधला भाग हिरवा चमकतो आणि हर-टूचं जनुक लाल. काळ्याभोर पार्श्वभूमीवर दर पेशीत दोन-तीन हिरवे ठिपके आणि लाल ठिपक्यांचे झुबकेच झुबके. सरासरी १४.२ लाल, २.३ हिरवे, गुणोत्तर ६ च्या वर. २ किंवा जास्त गुणोत्तर आणि किमान ४ प्रती असल्या की पॉझिटिव्ह.

पहिल्याच रिपोर्टावर उपचार झाले असते तर केमोथेरपी मिळाली असती, हर-टूवरचं औषध नाही. हे औषध म्हणजे ट्रॅस्टुझुमॅब, १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं प्रतिपिंड. २००५ मध्ये ऑपरेशननंतरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा केमोला ते जोडल्यावर आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्मा झालेला दिसला. ते हर-टूच्या आवरणालगतच्या भागाला चिकटतं, जोड्या जमू देत नाही आणि पेशीवर खूण करून रोगप्रतिकारक पेशींना बोलावतं. त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला, जोडी जमवणाऱ्या हातालाच, पकडणारं पर्टुझुमॅबही यांच्यासाठी योग्य होतं, पण खर्च झेपणारा नव्हता. बागेवर आधीच कर्ज. ट्रॅस्टुझुमॅबची भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच बनवलेली औषधं, २०१४ पासून मिळतात म्हणून निदान ते तरी शक्य झालं.

वजन ५४ किलो. पहिला डोस किलोला ८ मिलिग्रॅम, म्हणजे ४३२. ४४० ची एक व्हायल जवळजवळ पूर्ण. पुढचे किलोला ६ प्रमाणे ३२४. जोडीला डोसिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं, दर तीन आठवड्यांनी, अशा सहा सायकल. दुसऱ्या सायकलनंतर काखेतली गाठ हाताला लागेना. केस गेले त्याचं त्यांना फार वाटलं नाही, पदर होताच. नखं काळी पडली त्याचं वाटलं.

चौथ्या सायकलनंतर दुसऱ्या बाजूनं हर-टू आडवं आलं. हृदयाच्या स्नायूपेशींवरही हे प्रथिन असतं आणि तिथे ते हर-फोरच्या जोडीनं पेशींना ताण सोसायला मदत करतं. औषधाला गाठीतलं हर-टू आणि हृदयातलं हर-टू असा भेद करता येत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुरुवातीला हृदयाची पंपिंग क्षमता ६२ टक्के होती, आता ४७. बाईंना जाणवत काहीच नव्हतं. ट्रॅस्टुझुमॅब थांबवलं, पाचवी सायकल नुसत्या केमोची दिली, हृदयाची औषधं सुरू केली. चार आठवड्यांनी एको ५६. हा बिघाड बहुतेकदा असा भरून येतो. अँथ्रासायक्लिन या केमोच्या औषधांनी होणारा तसा भरून येत नाही. मधे सहा आठवड्यांचा खंड पडल्यानं सहाव्या सायकलला पुन्हा ४३२ चा मोठा डोस द्यावा लागला.

त्यानंतर ऑपरेशन. स्तन काढला, काखेतल्या गाठीही. ते सगळं माझ्या टेबलावर आलं, यावेळी फॉर्मलिननं भरलेल्या डब्यात. मूळची ४.६ सेंटिमीटरची गाठ आता ९ मिलिमीटर उरली होती, आणि काखेतल्या १४ पैकी एका गाठीत बारीकसा ठिपका. घरचे खूश. कॅन्सरतज्ज्ञ तेवढे खूश नव्हते. जे उरलं ते ट्रॅस्टुझुमॅब पचवून उरलेलं होतं.

उरलेल्यावर मी पुन्हा हर-टू केलं. हे नेहमी मागितलं जात नाही, मी मात्र करते. बहुतेक पेशींभोवती कडं तसंच गडद होतं. मग त्या तगल्या कशा? वाटा बऱ्याच आहेत: पीआय-थ्री-कायनेजच्या जनुकातच बदल होऊन ती वाट निरोपाशिवाय उघडी राहते; हर-थ्री वाढतं; किंवा हर-टूचं बाहेरचं डोकंच तुटतं, औषधाला धरायला जागा उरत नाही आणि आतली शेपूट चालूच राहते. यातली कुठली इथे होती ते शोधायला आणखी तपासण्या लागल्या असत्या. त्यानं उपचार बदलले नसते, म्हणून केल्या नाहीत.

पण एका ठिकाणी, चट्ट्याच्या कडेला, वीस-पंचवीस पेशींचा एक पुंजका होता आणि त्याच्याभोवती कडं अजिबात नव्हतं. शेजारच्या पेशी गडद, हा पुंजका कोरा. बाजूची साक्षीदार नलिका यावेळी नीट रंगली होती, म्हणजे चूक रंगाची नव्हती. ते मी रिपोर्टात वेगळ्या ओळीत लिहिलं. संध्याकाळी कॅन्सरतज्ज्ञांचा फोन आला, “एवढुशा पुंजक्याचं मी काय करू?” करण्यासारखं काही नव्हतंच. माहीत असावं म्हणून लिहिलं.

असं काही उरलं तर आता टी-डीएम-वन देतात: ट्रॅस्टुझुमॅबच्याच पाठीवर एमटॅन्सिन नावाचं विष बांधलेलं. हर-टूला चिकटलं की पेशी दोन्ही एकदम गिळते आणि विष आत सुटतं. पेशीचा आतला निरोप कुठल्याही वाटेनं चालू असो, दारावर हर-टू असलं की पुरे. कॅथरिन या चाचणीत अशाच रुग्णांमध्ये, साधं ट्रॅस्टुझुमॅब चालू ठेवण्याच्या तुलनेत, आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका निम्म्यावर आला; तीन वर्षांनी आजाराविना असणाऱ्या ७७ वरून ८८ टक्क्यांवर गेल्या. भारतात २०२१ पासून याचंही बायोसिमिलर मिळतं. दारावर हर-टू नसलेल्या पुंजक्याला या औषधाची थेट धग लागत नाही, म्हणूनच तो माझ्या डोक्यातून जात नाही.

रेडिएशनच्या पंधरा बैठकी झाल्या. टी-डीएम-वनचे चौदा डोस ठरले आहेत, आज नऊ झाले. सहाव्याच्या वेळी प्लेटलेट ६८ हजारांवर आल्यानं आठवडाभर थांबावं लागलं. सातव्याच्या सुमारास डोकं दुखतं म्हणाल्या, आणि आम्ही सगळेच एकदम गप्प झालो. ट्रॅस्टुझुमॅबचा रेणू मोठा, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत तो सहजी ओलांडत नाही, आणि हर-टूची जात नेमकी तिथेच लपते. एमआरआय स्वच्छ निघाला. नाक चोंदलं होतं.

गेल्या महिन्यात त्याच नर्सिंग होममधून दुसऱ्या एका बाईंची बायोप्सी आली. बाटलीत फॉर्मलिन होतं. झाकणावर वेळ नव्हती, म्हणून मी फोन केला. सर्जन वैतागले, मग कंपाउंडरला हाक मारली, आणि मागून त्याचा आवाज ऐकू आला: “सव्वाबारा होते, साहेब.” मी मार्करनं १२.१५ लिहिलं.